चाप हलका होईपर्यंत

सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६

नवे शेरिफ कर्टिस ओल्टमन यांनी आज सगळ्यांना कोर्टाच्या तळघरात बोलावलं. सगळे म्हणजे चार डेप्युटी, तुरुंगाचा रखवालदार आणि मी. प्रत्येकाने आपण काय काम करतो ते सांगायचं होतं. मी सांगितलं: व्हर्ला टिडमन, बेलीफ, बावीस वर्षं. जजसाहेब आले की "उठा" म्हणते, ज्युरीला आत-बाहेर नेते, साक्षीदाराला पाणी देते आणि कमरेला रिव्हॉल्व्हर लावून दाराशी उभी राहते.

शेरिफनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "रिव्हॉल्व्हर आता जमा करा."

टेबलावर सहा खोकी होती. प्रत्येकात एक नवं पिस्तूल. आटोपशीर, काळं, लहान. माझं रिव्हॉल्व्हर त्याच्या शेजारी ठेवलं तेव्हा ते पाण्याच्या पंपाचा भाग वाटलं.

"एक मार्चला परीक्षा," शेरिफ म्हणाले. "पन्नास गोळ्या, पस्तीस लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर हत्यार नाही, आणि हत्याराशिवाय कोर्टात उभं राहता येणार नाही."

"मग कुठे उभं राहायचं?" मी विचारलं.

"गाड्यांच्या नंबरपाट्या देतात त्या खिडकीवर एक जागा रिकामी आहे, व्हर्लाबाई. तिथे बसायलाही मिळतं."

त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. वय छत्तीस. त्यांची आई शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची.

घरी आल्यावर पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहिलं आणि चाप ओढला. गंजलेल्या बिजागरीसारखा लागतो. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा सांधा थंडीत सुजतो. बोट अर्ध्यावर थांबलं, चापही थांबला. दोघं बराच वेळ तसेच होतो.

बाहेर उणे अकरा.

बुधवार, ७ फेब्रुवारी

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवते.

मी कधीही परीक्षा दिलेली नाही. जुने शेरिफ विल्मर गॉश दर मार्चमध्ये मला नेमबाजीच्या मैदानावर न्यायचे. गाडीत बसूनच ते माझ्या कागदावर पन्नासपैकी सत्तेचाळीस लिहून सही करायचे आणि मग आम्ही हायवेवरच्या हॉटेलात चिली आणि दालचिनी रोल खायचो. "तुम्हाला गोळी झाडायची वेळ आली, तर ती माझी चूक असेल," असं ते म्हणायचे. मला ते शिष्टाचाराचं वाटलं. विल्मर आता अॅरिझोनात असतात.

बावीस वर्षांत मी एकूण सहा गोळ्या झाडल्या आहेत. सहाही पहिल्याच वर्षी.

शनिवार, १० फेब्रुवारी

चापाला हात लावायचा तर तो फक्त ओरिन स्लाविकने, आणि तो ओढायला लागणारा जोर आठ पौंडांच्या खाली आणायचा नाही, असा शेरिफचा नियम. म्हणून ओरिनकडे गेले.

तो नदीच्या रस्त्यावर जुन्या डेअरीच्या इमारतीत बंदुका दुरुस्त करतो. चौसष्ट वर्षांचा. जाड चष्मा, सदऱ्याच्या कोपरांना ठिगळं, दाढी चार दिवसांची. दुकानात एकच खुर्ची, तिच्यावर तो स्वतः. मी उभी राहिले. मला सवय आहे.

त्याने चापाला एक लहान काटा अडकवून ओढला. "बारा पौंड," म्हणाला. मग माझ्या बोटाकडे बघितलं. "दुखतं?"

"चाप जड आहे," मी म्हणाले.

"मी बोटाचं विचारलं."

"थंडीत."

तो मान हलवून खाली बघत राहिला. मग म्हणाला, पोटातली एक स्प्रिंग बदलेन, जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे गुळगुळीत करेन, आठवड्याने या. एवढं बोलून त्याला दम लागल्यासारखं वाटलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

पिस्तूल आणलं. साडेआठ पौंड. चाप आता सरळ मागे येतो, मध्ये कुठे अडत नाही, आणि शेवटी काचेची काडी मोडावी तसा सुटतो. बोट दुखलं नाही. खरं सांगायचं तर फारच छान झालाय.

ओरिनने दाढी केली होती. बहुधा कुठे अंत्यविधीला जायचं असावं.

शुक्रवार, १ मार्च

परीक्षा झाली. पन्नासपैकी एकोणीस.

बाकीच्या पाचही जणांना पस्तीसच्या वर. तुरुंगाच्या रखवालदाराला एका डोळ्याने कमी दिसतं, त्याला चव्वेचाळीस. माझ्या सगळ्या गोळ्या निशाणाच्या खाली, डावीकडे, मातीत. एक जागा अशी झाली होती की तिथे झाड लावता आलं असतं.

शेरिफनी कागदाकडे बघितलं. "आणखी एक संधी देतो," म्हणाले. "सव्वीस एप्रिल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"चाप अजून नीट नाही," मी म्हणाले.

"मग ओरिनला दाखवा," ते म्हणाले.

जज एकब्लाड यांनी दुपारी विचारलं कसं झालं. मी म्हणाले, चापाचा प्रश्न आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं. मी पुकारला. आवाज नेहमीसारखाच निघाला, यात समाधान.

शनिवार, २ मार्च

ओरिनला सांगितलं, "तुमचा चाप नीट झालेला नाही. सगळ्या गोळ्या खाली जातात."

त्याने पिस्तूल घेतलं, मागच्या मातीच्या बांधावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही कॉफीच्या डब्याच्या झाकणावर. परत येऊन पिस्तूल टेबलावर ठेवलं. पिस्तुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"हो," म्हणाला. "थोडा अडतोय."

"मी म्हटलं नव्हतं?"

"ठेवून जा. मंगळवारी या. आणि ते झाल्यावर इथेच झाडून बघत चला, म्हणजे मला कळेल कुठे अडतो."

निदान मान्य तरी केलं. चूक कबूल करणारे कारागीर आता राहिले नाहीत.

मंगळवार, ५ मार्च

दुकानात दुसरी खुर्ची आलीय. लाल गादीची. गिऱ्हाईक वाढलं असावं, पण मी असताना कोणी आलं नाही.

चाप मला आहे तसाच लागला. तो म्हणाला, "फरक सूक्ष्म आहे." मग त्याने पिस्तूल रिकामं करून माझ्या हातात दिलं आणि नळीवर एक लहानसं नाणं ठेवलं. "चाप ओढा. नाणं पडता कामा नये."

"याने चापाचं काय कळणार?"

"बरंच कळतं."

नाणं बत्तीस वेळा पडलं. दर वेळी त्याने वाकून उचललं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे बरं नाही. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, त्याचे गुडघे चांगले आहेत. एवढ्या ठामपणे त्याने आत्तापर्यंत काहीच सांगितलं नव्हतं.

कॉफी दिली. फार वाईट होती.

शनिवार, ९ मार्च

नाणं अकरा वेळा पडलं. कॉफी बरी होती. नवं भांडं घेतलंय. डब्यात दालचिनी रोल होते, बेकरीचे. म्हणजे सकाळी तो गावात येऊन परत गेला असणार, जाऊन-येऊन बावीस मैल. मी त्याला म्हटलं, येताना पिस्तूल माझ्या घरी टाकलं असतं तर माझी फेरी वाचली असती.

तो म्हणाला, "सुचलं नाही."

वय होतंय त्याचं.

शनिवार, १६ मार्च

नदीवर क्रौंच पक्षी उतरलेत. ओरिन म्हणाला, दुकानाच्या मागून संध्याकाळी हजारो दिसतात, आकाश राखाडी होऊन जातं, कधी वेळ असेल तर.

मी म्हटलं, एकोणसाठ वर्षं बघतेय, ते दरवर्षी येतात.

"हो," म्हणाला. "येतात खरे."

मग त्याने पिस्तूल उघडलं आणि काही न करता बंद केलं. मी विचारलं काय सापडलं. "ठेवून जा," म्हणाला. "मंगळवारी या."

रविवार, १७ मार्च

डोरीनचा फोन. माझी धाकटी बहीण, ग्रँड आयलंडला असते आणि दर रविवारी चर्च झाल्यावर माझी उलटतपासणी घेते.

"अगं, एका चापाला किती खेपा?"

"सहा झाल्या. परवा सातवी."

"ओरिन स्लाविककडे? त्याने एका हिवाळ्यात अख्ख्या पोलीस अकादमीच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या."

"तेव्हा तरुण होता. आता जमत नाही त्याला. पण माणूस प्रामाणिक आहे, दर वेळी कबूल करतो."

"आणि तो काय करतो तू गेलीस की?"

मी सांगितलं. खुर्ची, कॉफी, नाणं, रोल, क्रौंच.  

"व्हर्ला, तू आंधळी आहेस."

"चष्मा नोव्हेंबरमध्येच बदललाय."

तिने फोन ठेवला. तिचा स्वभाव लहानपणापासून असाच.

शुक्रवार, २२ मार्च

वारा. कोर्टात दोन घटस्फोट आणि एक कुंपणाचा वाद. कुंपणवाले जास्त रडले.

स्वयंपाकघरात नाणं सलग नऊ वेळा राहिलं. नंबरपाट्यांच्या खिडकीसमोरून जाताना आत बघितलं. खिडकी लहान आहे. आत एक दिनदर्शिका आहे, मागच्या वर्षाची.

शनिवार, ३० मार्च

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

आज ओरिनने गोळ्यांचं मॅगझिन स्वतः भरून दिलं. बांधासमोर उभी राहिले. पहिली गोळी खाली गेली. दुसरी खाली. तिसऱ्याला चाप ओढला आणि काहीच झालं नाही. गोळी सुटली नाही, आवाज नाही, धक्का नाही. पण पिस्तुलाचं तोंड एकदम जमिनीकडे गेलं. मी ते तिकडे नेलं होतं. माझे डोळे गच्च मिटलेले होते, तेही मला तेव्हाच कळलं.

"तिसरं काडतूस खोटं होतं," ओरिन मागून म्हणाला. "आत दारू नव्हती."

"का?"

"तुम्हाला दिसावं म्हणून. गोळी सुटायच्या आधीच तुम्ही दचकता. नाणं राहतं कारण तेव्हा आवाज येणार नाही हे तुम्हाला माहीत असतं."

मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन मार्च."

"म्हणजे महिनाभर तुम्ही मला मूर्ख बनवलंत."

"तसं नाही."

"मग कसं?"

 त्याची मान लाल झाली. मी पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, गाडीत बसले. तो रस्त्यापर्यंत आला होता, हातात रोलचा डबा. मी थांबले नाही.

बावीस वर्षं मी त्या दाराशी उभी आहे, लोकांना वाटतं ही आहे तर आपण सुरक्षित. आणि माझे डोळे मिटलेले.

सोमवार, १ एप्रिल

शेरिफच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. म्हणाले, माझी बावीस वर्षांची प्रमाणपत्रं खोटी आहेत. मी एकही गोळी न झाडता विल्मर सही करायचे आणि मी तो कागद घ्यायचे. त्यांना दोष देऊ नका, मी हो म्हणाले नसते तर त्यांना सही करता आली नसती.

शेरिफनी खणातून एक फाइल काढली. "सत्तेचाळीस," म्हणाले. "बावीस वर्षं, दर वर्षी, बरोबर सत्तेचाळीस. मी फेब्रुवारीतच वाचलं होतं, व्हर्लाबाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येऊन सांगता का ते बघत होतो."

"आणि नसते आले तर?"

"तर सव्वीस एप्रिल होतीच." त्यांनी फाइल परत खणात ठेवली. "अजूनही आहे. त्या दिवशी काय लागेल ते लागेल. एक गोळीही मी वाढवून लिहिणार नाही."

"लिहिलीत तर मी तक्रार करेन," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

जिना चढताना पाय हलके वाटले. ब्लडप्रेशर तपासून घेतलं पाहिजे.

शनिवार, ६ एप्रिल

उद्या ईस्टर. हॅम भट्टीत घालायच्या आधी ओरिनकडे जाऊन आले. जायचं नव्हतं, पण काउंटीत दुसरा बांध नाही.

तो दाराशी उभा होता. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही येणार नाही."

"चाप बघायला आले," मी म्हणाले.

"बरं," म्हणाला.

लाल खुर्चीवर बसले. का ते माहीत नाही, पण ग्लेनच्या घोडीचं सांगितलं. ग्लेन म्हणजे माझा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घोडीचा पुढचा पाय मोडला. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या गावात अडकला होता, बर्फ होतं. ग्लेनने बंदूक आणली आणि मला दोर धरायला सांगितला. ती माझ्याकडे बघत होती, कारण दोर माझ्या हातात होता आणि दोर माझ्या हातात असला की तिला खायला मिळायचं. मी डोळे मिटले. आवाज झाला आणि दोराने माझे हात खाली ओढले. बस, एवढंच. ग्लेनचं चुकलं नव्हतं. दुसरा इलाज नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय आहे त्यात. शेतावर अशा गोष्टी होतात.

 ओरिनचं भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्याने चालतं.

मग त्याने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"पिकल्स."

त्याने मान हलवली, ओळखीच्या कुणाचं नाव ऐकावं तशी.

थोड्या वेळाने म्हणाला, "आवाजाला घाबरण्यात चूक नाही. मीही घाबरतो. फक्त आवाज झाल्यावर घाबरायचं. आधी नाही."

"आणि ते कसं करायचं?"

"चाप इतका सावकाश ओढायचा की तो कधी सुटेल ते तुम्हाला कळता कामा नये. त्यासाठीच तो गुळगुळीत केलाय."

आम्ही बाहेर गेलो. त्याने दहा गोळ्या भरल्या, त्यातल्या काही खोट्या, कुठल्या ते सांगितलं नाही. सावकाश ओढला. पहिल्या गोळीने मी खरोखरच दचकले, सुटल्यावर. झाकणाच्या कडेला भोक पडलं.

"हे असं," ओरिन म्हणाला.

हॅम थोडा करपला.

शनिवार, १३ एप्रिल

दहापैकी सहा.

मंगळवार, १६ एप्रिल

दहापैकी पाच. वारा होता. ओरिन म्हणतो वारा नव्हता.

शनिवार, २० एप्रिल

दहापैकी आठ. डोळे उघडे. आवाज अजूनही आवडत नाही आणि आवडणारही नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, आवाज आवडणारे लोक दुकानात येतात, त्याला ते फारसे आवडत नाहीत.

निघताना विचारलं, चाप आता पुरता झाला का. "जवळजवळ," म्हणाला. त्याने पिस्तूल आत नेलं. खण उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने परत खण उघडल्याचा आवाज आला आणि तो पिस्तूल घेऊन बाहेर आला. "आता झाला."

फार पटकन झालं.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी नऊ. मैदानावर शेरिफ, मी आणि एक डेप्युटी मोजायला. पाऊस नाही, थोडा वारा. होता.

पहिल्या वीसपैकी सतरा.  मग पंधरा पावलं मागे. पुढच्या वीसपैकी तेरा. तीस लागल्या, दहा झाडायच्या उरल्या, त्यांतल्या पाच हव्या होत्या.

शेवटच्या दहा गोळ्या पन्नास पावलांवरून; तिथून निशाणावरचा माणूस हात पुसायच्या टॉवेलएवढा दिसतो. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी कुठे गेली हे बघायला मला मान वळवायची होती, पण वळवली नाही. चाप सावकाश ओढला. चाप येत राहतो, येत राहतो, आणि मग तुम्हाला न विचारता सुटतो. सातव्यापर्यंत मी मोजणं सोडलं होतं. दहावीनंतर पिस्तूल रिकामं केलं, दोनदा पाहिलं, खाली ठेवलं.

डेप्युटी निशाण घेऊन आला. शेरिफनी बोट ठेवून एकेक भोक मोजलं, मग परत मोजलं, कारण मी तसं सांगितलं.

सदतीस.

"अभिनंदन, व्हर्लाबाई," शेरिफ म्हणाले आणि कागदावर तो आकडा लिहिला. आकडा छोटा आहे. पण माझा आहे.

दहा वाजता कोर्ट होतं. मी "उठा" म्हटलं. जज एकब्लाड बसताना हळूच म्हणाले, "चापाचं काय झालं?"

"झाला नीट, जजसाहेब."

"वेळ बराच लागला."

"कारागीर म्हातारा आहे," मी म्हणाले.

शनिवार, २७ एप्रिल

ओरिनला सांगायला गेले. सदतीस म्हटल्यावर त्याने माझा हात हातात घेऊन हलवला आणि सोडायला विसरला. मग आठवण झाल्यावर सोडला. कॉफी प्यायलो. काम संपलं असल्यामुळे बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी अडीच तास गेले.

निघताना तो म्हणाला, "काही अडलं तर आणा."

"आणेन," मी म्हणाले.

शनिवार, ४ मे

सकाळी गाडीची किल्ली घेतली, मग लक्षात आलं की कुठे जायचं नाहीये. पडदे धुतले. पिस्तूल साफ केलं. चाप पुन्हा थोडा अडतोय असं वाटतं. शंभर वेळा ओढून पाहिला. खात्री नाही.

सोमवार, ६ मे

आज गुरं चोरल्याचा खटला सुरू झाला. त्याबद्दल नंतर लिहीन.

ज्युरी निवडायला तीस लोकांना बोलावलं होतं. मी नावं पुकारली. नववं नाव ओरिन स्लाविक. मी ते पुकारलं. तो इस्त्रीच्या सदऱ्यात उठला आणि ज्युरीच्या कठड्यातल्या नऊ नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसला. सगळ्यांनी शपथ घेतली, खरं सांगू, पूर्ण सांगू.

सरकारी वकील फेन्स्के यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. आरोपीला ओळखता का? नाही. साक्षीदारांपैकी कोणाला? नाही. कोर्टातल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला?

ओरिनने हात वर केला.

"कोणाला, मिस्टर स्लाविक?"

"बेलीफबाईंना."

"कशी ओळख?"

"त्यांच्या पिस्तुलाचा चाप मी नीट केला."

फेन्स्के हसले. "म्हणजे कामापुरती ओळख. त्याचा तुमच्या निर्णयावर काही परिणाम होणार नाही ना?"

ओरिनने सदऱ्याची कॉलर सरळ केली. मग म्हणाला, "मी शपथेवर आहे ना?"

"आहात."

"मग सांगायला पाहिजे. चाप दुसऱ्याच खेपेला नीट झाला होता."

फेन्स्केंना कळेना. "बरं. मग?"

"त्यानंतर त्या बारा वेळा आल्या."

आरोपीच्या वकिलाने मान वर केली. जज एकब्लाड यांनी लेखणी खाली ठेवली. "मिस्टर स्लाविक," ते म्हणाले, "त्या बारा वेळा तुम्ही चापाचं नेमकं काय केलंत?"

"एकदा तेल घातलं, जजसाहेब. एकदा उघडून बंद केला. बाकीच्या वेळी खणात ठेवला."

"कशासाठी?"

ओरिनची मान लाल झाली, मग कान. "नेम शिकवायचा होता, ते खरं. पण तेवढ्यासाठी सहा खेपा पुरल्या असत्या. नीट झाला असं सांगितलं असतं तर त्या परत आल्या नसत्या."

कोर्टात तीस-चाळीस माणसं होती. आरोपी हसत होता, ज्याच्यावर सत्तावीस गुरांचा आरोप आहे. मी दाराशी उभी होते. कुठे बघावं ते मला कळलं नाही, म्हणून ध्वजाकडे बघितलं. डोरीनने फोन का ठेवला ते ध्वजाकडे बघताना समजलं. खुर्चीचंही समजलं, कॉफीच्या भांड्याचंही, आणि क्रौंचांचं. एकामागून एक, थांबता थांबेनात.

"ज्युरर क्रमांक नऊ यांना मोकळं करण्यात येत आहे," जज म्हणाले. "निःपक्षपाती राहणं त्यांना जमेल असं दिसत नाही. बेलीफ, यांना बाहेर पोचवा."

ते माझं कामच आहे. मी दार उघडून धरलं. तो बाहेर आला, मी मागोमाग, दार लावून घेतलं. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं.

"सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण त्यांनी विचारलं."

"तुम्ही फक्त 'परिणाम होणार नाही' म्हणू शकला असतात."

"ते खोटं झालं असतं."

मी त्याच्याकडे बघितलं. ठिगळं काढून कोपरांना नवं कापड लावलंय, टाके वाकडे, स्वतःच घातलेले. मी भिंतीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"तिथे बसा," मी म्हणाले.

तो बसला. टोपी मांडीवर ठेवली.

मी आत गेले, दार लावलं, माझ्या जागेवर उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, फेन्स्केसुद्धा, प्रश्न विसरून.

"बेलीफ," जज एकब्लाड म्हणाले, "ज्युरर गेले का?"

"नाही, जजसाहेब. बाहेर बाकावर बसलेत."

"मी त्यांना मोकळं केलंय. कशासाठी बसलेत?"

मी शपथेवर नव्हते. मला कोणी विचारलं नसतं तर मी सांगितलंही नसतं.

"मी सांगितलंय म्हणून," मी म्हणाले. "साडेबाराला मला जेवणाची सुट्टी होते."

लघुलेखिकेने ते टंकून घेतलं.